शिवणीतली माया

शिंपीकामात माया नावाची एक गोष्ट असते. कापड बेतताना मापाच्या खुणेबाहेर जे बोटभर कापड जास्तीचे सोडतात, त्याला माया म्हणतात. ती शिवणीच्या आत दडलेली असते, वरून दिसत नाही. मूल वाढले, बाई अंगाने भरली, कापड पहिल्या धुण्यात आटले, की आतली टीप उसवायची, माया सोडायची आणि कपडा पुन्हा अंगाला बसवायचा. ‘पोरीच्या फ्रॉकला जरा जास्त माया ठेवा’ असे आपल्या आया शिंप्याला बजावून सांगत. आता कपडे तयार मिळतात, म्हणून हा शब्द घरातल्या बोलण्यातून कमी झाला आहे. आम्हाला तो पुन्हा सापडला तो शिवणाच्या शौकामुळे.

आम्ही म्हणजे एकाच घरातल्या तिघी. दोघी जावा आणि एक नणंद. राहायला बीड शहरात. तिघींपैकी कुणीही शिवणाचा कोर्स केलेला नाही. आम्हा दोघी जावांच्या लग्नात जहेजमध्ये एकेक पायमशीन आली होती. जहेजची प्रथा वाईटच, तिचे समर्थन आम्ही करत नाही. पण आलेल्या मशिनींचे काय झाले ते सांगायला हवे. त्यांच्यावर भरतकामाचे आच्छादन पडले, आच्छादनावर फुलदाणी आली आणि वर्षानुवर्षे त्या मशिनी टेबलाचे काम करत राहिल्या.

२०२० चा रमजान आला तेव्हा टाळेबंदी होती. २५ मे रोजी ईद होती आणि बाजार बंद. त्या वर्षी ठिकठिकाणी आवाहने झाली की ईदची खरेदी करू नका, तो पैसा गरजूंना द्या. मोठ्यांना ते पटले. घरातल्या चार लेकरांना मात्र ईदचा नवा जोडा हवाच होता. अम्मींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, पेटी उघडून न शिवलेले कापड काढले. कुणी भेट दिलेला पॉपलीनचा तुकडा, सूटचे उरलेले सलवारचे कापड, एक मलमलचा दुपट्टा. फुलदाणी खाली उतरली, मशिनीला तेल घातले आणि तरावीहनंतर टीप सुरू झाली. लेकरांनी ईदच्या सकाळी ते कुर्ते घातले. तेव्हापासून आजपर्यंत आमच्या तिघींच्या अंगावरचे रोजचे कपडे घरातच शिवले जातात. कुर्ते, सलवारी, घरात घालायचे गाऊन, नमाजचे मोठे दुपट्टे, बुरख्याच्या आतली टोपी, लेकरांचे पायजमे, थंडीतले स्वेटर आणि मोजेसुद्धा.

हे वाचून कुणाला वाटेल की आमचे बरेच पैसे वाचत असतील. तसे नाही. पूर्ण बाहीच्या गुडघ्याखाली येणाऱ्या कुर्त्याला ४४ इंच पन्ह्याचे कापड अडीच मीटर लागते. सलवारीला आणखी दोन-सव्वादोन मीटर. चांगले सुती कापड, दोरा, अस्तर, बटणे धरली तर बाजारात टांगलेला तयार कुर्ता कित्येकदा स्वस्त पडतो. शेजारच्या खाला हाच हिशेब मांडून विचारत, ‘बाजार में सब मिलतै, फिर कायकू ये मेहनत?’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्हाला लगेच देता आले नाही.

काही गोष्टी मात्र हाताला कळत गेल्या. बीडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. बुरख्याच्या आत काय घातले आहे यावर बाईचा दिवस कसा जाणार हे ठरते. नायलॉन-पॉलिस्टरचा कुर्ता घाम शोषत नाही, तो अंगाला चिकटतो. सुती धागा घाम पितो आणि वाऱ्याने सुकतो. तयार कपड्यांत शुद्ध सुती आणि पूर्ण बाहीचा, मागून झाकलेला, गळा लहान असलेला कुर्ता शोधायला दहा दुकाने फिरावे लागते. घरी बेतला तर गळा आपला, बाही आपली, घेर आपला. आणि खिसा! बायकांच्या कपड्यांना खिसा का नसतो हे कोडेच आहे. आमच्या प्रत्येक कुर्त्याला उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा असतो. अम्मी उमराला गेल्या तेव्हा त्यांच्यासाठी आम्ही तीन सैल सुती जोडे शिवले. इहराममध्ये पुरुषांना शिवलेला कपडा चालत नाही, दोन सलग चादरीच नेसाव्या लागतात. बायकांना मात्र आपला नेहमीचा शिवलेला, अंग झाकणारा कपडा चालतो. त्या तिन्ही जोड्यांना आतून चेन लावलेले खिसे होते. परत आल्यावर अम्मींनी जमजमच्या पाण्याआधी त्या खिशांची तारीफ केली.

सुती कापड बेतण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवावे, पिळू नये, सावलीत वाळवून इस्त्री करावी. आटायचे ते आधीच आटते. कापडाला उभा धागा असतो आणि आडवा असतो. कुर्त्याची लांबी उभ्या धाग्यावरच घ्यावी, नाहीतर दोन धुण्यांत कुर्ता एका बाजूला वळतो. तिरप्या धाग्यावर कापलेली पट्टी ताणली जाते, म्हणून ती गळ्याच्या गोलाईला सुरेख बसते. तिला शिंपी उरेब पट्टी म्हणतात. सलवारीचे आसन खोल ठेवले तर नमाजमध्ये रुकू-सजद्याला ताण येत नाही. बगलेत चौकोनी तुकडा घातला तर हात वर करताना कुर्ता वर ओढला जात नाही. ही सगळी अक्कल आपल्या जुन्या शिंप्यांकडे होती. आम्हाला त्यातली बरीचशी अम्मींच्या तरुणपणीच्या कुर्त्या उसवून समजली. जुना कपडा उसवला की त्याला शिवणाऱ्याचे डोके वाचता येते.

आमचा जिल्हा कापसाचा. दिवाळीच्या सुमारास गेवराई, माजलगाव, वडवणीकडच्या रस्त्यांवर कापसाने भरलेल्या गाड्या दिसतात. जिनिंगमध्ये सरकी निघते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि गाठी निघून जातात. त्यांचे सूत दुसरीकडे कातले जाते, कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर विणले जाते आणि मग ते आपल्या बाजारात परत येते. मालेगाव आणि भिवंडीच्या मागांवर आपले मोमीन-अन्सारी बांधव पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. त्यांतल्या कित्येकांचे पूर्वज १८५७ नंतर उत्तरेतून चालत इकडे आले आणि विणकरीचे कसब सोबत घेऊन आले. दुकानदार ठाणातून कापड फाडतो त्या वेळी आता आम्ही किंमत विचारण्याआधी कापड उजेडासमोर धरतो आणि वीण बघतो. कुणाच्या तरी रात्रपाळीचे ते काम असते.

शिवणाच्या पेटीत शब्दही खूप सापडले. अस्तर, रेशीम, मखमल, खिसा, जरी हे शब्द फारसीतून आपल्या मराठीत आले. रफू अरबीतून आला. बटणाचे काज पोर्तुगिजांकडून. टीप, धावदोरा, शिवण, माया इथल्याच मातीतले. आम्ही घरात दखनी बोलतो, शाळेत मराठी शिकलो, मुलांना दोन्हींत रागावतो. आमच्या भाषेसारखीच ही पेटी, हर तऱ्हेचा दोरा तिच्यात आहे.

मशिनीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिये नावाच्या शिंप्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले. त्याच्या कारखान्यात सैनिकांचे गणवेश शिवले जाऊ लागले. आपली रोजी जाईल या भीतीने तिथल्या शिंप्यांनी चाल करून ती यंत्रे मोडून टाकली. तिमोनिये गरिबीत वारला. पुढे अमेरिकेत १८४६ मध्ये इलायस हाऊने पेटंट घेतलेल्या यंत्राच्या सुईला नाक टोकाजवळ होते. हातशिवणीच्या सुईला ते मागे असते. ते टोकाशी आल्यामुळे वरचा दोरा आणि खालच्या बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकवता येऊ लागला. १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने आपल्या मशिनीचे पेटंट घेतले आणि पायाने चालणारी मशीन घरोघरी पोहोचली. आपल्या देशात १९३० च्या दशकात कलकत्त्यात उषा मशिनी तयार होऊ लागल्या. यंत्रांबद्दल इतके कठोर बोलणाऱ्या गांधीजींनीही शिवणयंत्राला अपवाद मानले होते. त्या तोडफोड करणाऱ्या शिंप्यांचा राग मात्र आम्हाला समजतो. आमच्या मोहल्ल्यातल्या ज्या चाचांकडे पूर्वी ईदच्या आधी महिनाभर कापड द्यावे लागे, ते आता फक्त चेन बदलतात आणि पँट खालून कापून देतात. त्यांच्याकडेच आम्ही काज करायला शिकलो. पैसे देऊ केले तेव्हा ते म्हणाले, ‘बेटा, कुणी विचारलं हेच खूप झालं.’

विणकामाकडे आम्ही उशिरा वळलो. बीडची थंडी दोन-अडीच महिन्यांची, पण डिसेंबरात पहाटे फजरच्या वुजूचे पाणी हाडात शिरते. कटलरीच्या दुकानात सुया मिळाल्या. त्यांची गंमत अशी की नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. आठ नंबरची जाड, बारा नंबरची बारीक. साऱ्या विणकामाची मुळाक्षरे दोनच, सुलट टाका आणि उलट टाका. या दोन अक्षरांवर सारी दुनिया विणता येते. आम्हाला वाटायचे की हे गोऱ्या मडमांनी आणलेले काम. तसे नाही. इजिप्तमध्ये निळ्या-पांढऱ्या सुती धाग्यांचे विणलेले मोजे सापडले आहेत, ते इस्लामी काळातले, कित्येक शतकांपूर्वीचे आहेत. स्पेनमध्ये बुर्गोस शहराजवळच्या एका ख्रिस्ती मठात फर्नांडो दे ला सेर्दा या राजपुत्राची कबर आहे. तो १२७५ मध्ये वारला. त्याच्या कबरीत रेशमी धाग्याने विणलेला उशीचा अभ्रा निघाला. तो मुस्लिम कारागिरांनी विणलेला मानतात, कारण त्याच्या कडेला अरबी लिपीत ‘बरकत’ हा शब्द टाक्याटाक्याने विणलेला आहे. ख्रिस्ती राजपुत्राच्या डोक्याखाली मुस्लिम हातांनी ठेवलेली बरकत! आणि आपला बीड जिल्हा ज्यांच्या राज्यात होता ते शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याबद्दलही सांगतात की ते स्वतःचे मोजे स्वतः विणत. १९३७ मध्ये टाइम साप्ताहिकाने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले होते. घरातले पुरुष विणकामाला हसू लागले की आम्ही निजामांचे नाव घेतो.

हसणे थांबले तरी एक सूचना मात्र सारखी येत राहिली, ‘एवढं येतं तर विकत का नाही?’ आमच्या शौहरांनी विचारले, माहेरच्यांनी विचारले, बचत गटातल्या बायकांनी विचारले. कष्टाची कमाई ही इज्जतीची गोष्ट आहे, याबद्दल वाद नाही. आमच्याच गल्लीत घरी बसून फॉल-पिको करून मुलांची फी भरणाऱ्या भगिनी आहेत, त्यांच्यापुढे आमची मान झुकते. पण बाईच्या हातातल्या प्रत्येक कामाला भाव लागलाच पाहिजे का? पुरुष कबुतरे पाळतो, क्रिकेट खेळतो, शायरी ऐकायला रात्र जागवतो, त्याला कुणी म्हणत नाही की यातून किती मिळाले. इशाच्या नमाजनंतर भांडी झाकून झाली की तासभर आम्ही तिघी एकत्र बसतो. एक बेतते, एक टीप मारते, एक तुरपाई करते. त्या तासात सासर-माहेर, दुखणीखुपणी, लेकरांचे अभ्यास, सगळे बोलून होते. दोन जावांमध्ये पूर्वी जो अबोला महिना-महिना टिकायचा, तो आता टिकत नाही, कारण एकीचा मुंढा दुसरीने धरल्याशिवाय बाही जोडता येत नाही. खालांच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच असावे.

दीनच्या दृष्टीनेही आम्ही विचार केला. वेळ वाया तर जात नाही ना, ही शंका अम्मींचीच होती. मग त्यांनीच हदीस आठवून सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) घरात काय करत, असे हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले. त्यांनी सांगितले की ते आपला कपडा शिवत, आपले पायताण दुरुस्त करत आणि घरातली कामे करत. जे काम त्या मुबारक हातांनी केले ते हलके कसे असेल? आमच्या लेकांनाही आम्ही बटण लावायला आणि पायजम्याची नाडी ओवायला शिकवले आहे, ते याच हदीसच्या आधाराने. हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) यांची हकीकत तर तिघींच्या मनात घर करून राहिली आहे. प्रेषितांनी (स.) आपल्या पत्नींना सांगितले होते की तुमच्यातली सर्वांत लांब हाताची सर्वांत आधी मला येऊन मिळेल. त्या आपापले हात मोजून पाहत. प्रेषितांनंतर (स.) सर्वांत आधी हजरत जैनब (रजि.) यांचे निधन झाले आणि तेव्हा उलगडा झाला की लांब हात म्हणजे देणारा हात. त्या कातडे कमावत, शिवत, हाताने काम करत आणि त्यातून सदका करत.

गेल्या हिवाळ्यात नणंदेचा निकाह ठरला. मुलाकडच्यांनी काही मागितले नाही, आम्हीही मशीन-बिशीन काही दिले नाही. मांझ्याचा पिवळा जोडा आमचा, तो घरीच शिवायचा हे ठरलेलेच होते. हळदीच्या रंगाची सुती कुर्ती, कळीदार घेर, कडेला गोटा. निकाहचा लाल जोडा रिवाजाप्रमाणे सांचकला मुलाकडून येणार होता. तो आला, सोबत मिठाई, मेंदी, बांगड्या, सगळे हौसेने आणलेले. जोडा मोठ्या शहरातल्या एका दुकानातला, जरीने मढलेला, वजनदार. पाहुणे गेल्यावर नणंदेने तो घालून पाहिला. दंडात घट्ट, बगलेत घट्ट, आणि दुआसाठी हात उचलले की कंबर उघडी पडायची. ती एवढेच म्हणाली, ‘भाभी, निकाहच्या दुआला मी हात कसे उचलू?’

निकाह दुसऱ्या दिवशी जोहरनंतर होता. मुलाकडे निरोप धाडावा तर त्यांचे मन मोडते. त्यांनी ऐपतीपेक्षा जास्त खर्च करून आणलेला जोडा, आणि त्यात खोट काढली असे नात्याच्या पहिल्याच दिवशी होते. दुसरा जोडा घालावा तर त्यांच्या माणसांसमोर त्यांचा अपमान. तसाच घालावा तर लेकीची बेपर्दगी. आम्ही जोडा उलटा केला आणि माया शोधली. माया नव्हती. कारखान्यात एकावर एक शेकडो थर ठेवून कापड कापतात. प्रत्येक नगामागे अर्धा इंच वाचला तर हजार नगांत बरेच कापड वाचते. वर इंटरलॉक मशीन शिवता-शिवताच कड छाटून टाकते. टीप उसवावी तर आत सोडायला दोरभरही कापड नाही. हजारो रुपयांच्या जोड्यात बोटभर माया नव्हती.

अम्मी काही न बोलता उठल्या आणि आपली पेटी उघडली. त्यात अब्बांच्या वडिलांची हिमरूची शेरवानी होती. औरंगाबादचा हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम एकत्र विणलेले कापड. निव्वळ रेशीम पुरुषांना मना, म्हणून आपल्या विणकरांनी अशी मिलावटीची कापडे घडवली. मशरू या दुसऱ्या कापडाचे तर नावच ‘शरीयतने जायज’ या अर्थाचे. त्याच्यात रेशमाची झळाळी वर आणि सुताचा स्पर्श अंगाला. दादांची शेरवानी गडद लाल, तिच्यावर फिकट सोनेरी बुट्ट्या. खांद्याला कसर लागलेली, घेर शाबूत. अम्मी म्हणाल्या, ‘पेटीत ठेवून तर तीही जाईल. काटो.’

आम्ही जोड्याची बगल ते कंबर अशी दोन्ही बाजूंची शिवण उघडली. हिमरूच्या दोन लांब पट्ट्या आणि बगलेसाठी दोन चौकोन कापले, चारी बाजूंनी भरपूर माया ठेवून. जुन्या कापडाचा धागा मशिनीच्या सुईने तुटत होता, म्हणून ते काम हाताने केले. आतून मलमलचे अस्तर, मग बारीक उलटी टीप. दंडाच्या शिवणीतही तशीच अरुंद पट्टी घातली. एकीची बोटे थकली की दुसरी बसायची. नवरी स्वतः मेंदीचे हात वर धरून दिवा दाखवत होती. खालून लांबी वाढवायला शेरवानीच्याच कापडाची चार बोटांची कड लावली. फजरची अजान झाली तेव्हा शेवटचा दोरा तोडला. निकाहनंतर तिने दोन्ही हात उचलून दुआ मागितली. जोडा जागचा हलला नाही.

तिच्या सासूबाईंच्या नजरेने पट्टी टिपली. त्यांनी अम्मींना विचारले आणि अम्मींनी खरे ते सांगितले. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, दुकानदाराला दोन शब्द बोलून झाले. त्या दिवशी त्या जरा गप्पच होत्या. आम्हाला धाकधूक होती. पहिल्या जुमागीला त्या आल्या त्या हातात पिशवी घेऊन. पिशवीत त्यांचे स्वतःचे तीन कुर्ते. ‘यांच्या पण बगला काचतात,’ त्या म्हणाल्या. ते तीन कुर्ते आमच्या आजवरच्या कामातले सर्वांत आनंदाचे काम.

त्याच हिवाळ्यात दुसरे एक काम झाले. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून उसतोडीला जाणारी कुटुंबे सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटकाकडे निघतात. फडाशेजारी कोपी घालून राहतात. अंधारातच कोयता सुरू होतो आणि तान्ही लेकरे थंडीत कोपीच्या दारात असतात. आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींची लेक दोन लेकरांसह जाते. त्या लेकरांसाठी कानटोप्या विणायचे ठरले. पण बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अॅक्रेलिक. ती ज्योतीजवळ गेली की वितळते आणि कातडीला चिकटते. कोपीत चूल पायाशी असते. खरी लोकर सहज पेट घेत नाही. म्हणून घरातले आणि नात्यातले जुने स्वेटर गोळा केले. ओळखायची रीत सोपी आहे. चार बोटे धागा तोडून, चिमट्यात धरून पेटवावा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अॅक्रेलिक.

खऱ्या लोकरीचे स्वेटर उसवून, खुर्चीच्या पाठीला लड गुंडाळून, धुऊन, खाली वजन बांधून वाळत घातले. त्याने धाग्याचे वळ जातात. उसवताना अम्मी हसत म्हणाल्या, ‘सूरह नहलमधली ती बाई नका होऊ.’ पवित्र कुरआनात मेहनतीने कातलेले सूत स्वतःच तोडून टाकणाऱ्या स्त्रीचा दाखला आहे, तो शपथा पक्क्या करून मोडणाऱ्यांसाठी आहे. आम्ही उसवत होतो ते पुन्हा विणण्यासाठी. चौदा टोप्या झाल्या. नणंद सासरी गेली होती, तिने तिकडून दोन विणून पाठवल्या. टोपी विणताना कडेचे टाके एक सुलट, एक उलट असे घातले की ती ताणली जाते आणि लेकरू वाढले तरी दुसऱ्या वर्षी बसते. लोकरीच्या कामात माया अशी ठेवतात.

भगिनींनो, तुमच्याही घरात एखादी मशीन फुलदाणीखाली असेल. तिला तेल घाला, एक रात्र तसेच राहू द्या, मग चिंधीवर टीप मारून पाहा. सुरुवात उशीच्या अभ्र्याने करा, त्यात सगळ्या शिवणी सरळ असतात. मग पायजमा, मग कुर्ता. घरात जुना कपडा असेल तर टाकण्याआधी एकदा उसवून बघा. मोहल्ल्यातल्या चाचांना काज विचारा, ते आहेत तोवर. आणि मापाच्या खुणेवर कैची चालवू नका. लेकरांच्या कपड्याला दोन बोटे, मोठ्यांच्या कपड्याला एक बोट माया आत असू द्या. ती कधी लागेल हे शिवताना माहीत नसते. अल्लाह तआला आपल्या हातांत बरकत देवो. आमीन.